खडा आकसत नाही

'सिल्व्हर क्ले' या नावातल्या दुसऱ्या शब्दाने आजवर भल्याभल्यांना गंडवलं आहे. क्ले म्हटलं की शाळेतली रंगीत कांडी आठवते. मळा, मोडा, परत मळा, कंटाळा आला की डब्यात कोंबा. इथे तसं नाही. पाकीट फोडलं की घड्याळ सुरू. आत असते चांदीची मैद्याहून बारीक भुकटी, थोडं पाणी आणि जळून जाणारा सेंद्रिय बाइंडर. यातल्या पाण्याला उडून जायची भयंकर घाई असते. पाचेक मिनिटांत कडा तडकू लागतात आणि आपण अजून लाटणं कुठे ठेवलं ते शोधत असतो.

ही करामत जपानची. मित्सुबिशी मटेरियल्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही माती आणली, पीएमसी, म्हणजे प्रेशस मेटल क्ले, या नावाने. वचन मोठं गोड आहे: हाताने आकार द्या, वाळवा, भाजा. बाइंडर जळून जाईल, चांदीचे कण एकमेकांत सांधले जातील आणि हातात येईल ९९९ शुद्धतेची चांदी. वचन खरं आहे. फक्त बाइंडर आणि पाणी गेल्यावर जी जागा रिकामी होते तिचं काय, हे बारीक अक्षरात असतं. कण जवळ सरकतात आणि अख्खा दागिना अंग चोरून घेतो. पहिली पीएमसी २५ ते ३० टक्के आकसायची. आजची क्ले बरीच सुधारली आहे, ती प्रकारानुसार ८ ते १५ टक्क्यांवर भागवते.

साधं पान किंवा थेंब करायचा असेल तर याचं काही वाटत नाही. ३० मिलिमीटरचं पेंडंट १२ टक्के आकसून साडेसव्वीसच्या आत आलं, तर नाजूक झालं म्हणायचं आणि मिरवायचं. पण त्यात खडा बसवायचं डोक्यात आलं की भांडण सुरू. कारण चांदी आकसते आणि खडा आकसत नाही. पुढचा सगळा छळ या एका वाक्यातून निघतो.

पहिली मारामारी खड्याच्या निवडीवर. तो ओल्या मातीतच बसणार आणि तिच्याबरोबर आगीतून जाणार, म्हणजे आग सोसणारा हवा. क्युबिक झिरकोनिया, म्हणजे आपला अमेरिकन डायमंड, सोसतो. प्रयोगशाळेत बनवलेले माणिक आणि नीलमही सोसतात. मोती, पोवळं आणि अंबर जिवंतांकडून आलेले, ते जळतात. ओपलच्या पोटात पाणी असतं, तो फुटतो. ॲमेथिस्ट जांभळा आत जातो आणि फिका पडून बाहेर येतो. झिरकोनियातही पांढरा निर्धास्त, काही रंगीत खडे मात्र भट्टीत रंग बदलतात आणि बदललेला रंग आपल्याला हवा तो कधीच नसतो. शंका असेल तर खडा आधी एकटाच भाजून पाहावा. जो जाणार असेल तो चांदीला सोबत न घेता जाईल.

आता जाडी. आम्ही क्लेवाले जाडी पत्त्यांत मोजतो. मातीच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांचे सारखे गठ्ठे ठेवायचे आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. चार पत्ते म्हणजे साधारण एक मिलिमीटर. या घरात पत्त्यांचा पूर्ण कॅट सापडत नाही, त्याचं कारण हेच.

तीन मिलिमीटरचा गोल पैलूदार खडा माथ्यापासून खालच्या टोकापर्यंत साधारण १.८ मिलिमीटर खोल असतो. पेंडंटला दीड मिलिमीटर, म्हणजे सहा पत्ते, जाडी पुरते. पण एवढ्या जाडीत खडा बुडवला तर त्याचं टोक मागून बाहेर येतं आणि छातीला टोचत राहतं. म्हणून खड्याच्या जागी चार पत्ते जाडीची एक छोटी टिकली पातळ केलेल्या क्लेने चिकटवायची. एकूण अडीच मिलिमीटर. भाजल्यावर उरतील २.२. खडा पृष्ठभागाखाली जरासा बुडाला तरी टोक आतच राहतं. हा हिशेब लाटायच्या आधी करावा. लाटून झाल्यावर केला तर त्याला पश्चात्ताप म्हणतात.

हाताला आणि लाटण्याला ऑलिव्ह तेलाचं बोट लावायचं, तेही पुसट. तेल जास्त झालं आणि घडीत गेलं की थर एकमेकांना धरत नाहीत, मग भाजताना पापुद्रे सुटतात. माती कोरडी वाटली तर ओलं बोट फिरवून प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून मळावी. थेट पाणी ओतलं की चिखल होतो, आणि चांदीच्या चिखलाकडे बघताना जे वाटतं ते साध्या चिखलाकडे बघून वाटत नाही.

खडा बसवायचा तो कडेपासून किमान दोन मिलिमीटर आत. त्याहून जवळ गेलात तर आकसणारी चांदी न आकसणाऱ्या खड्याभोवती ताणली जाते आणि खड्यापासून काठापर्यंत सरळ चीर पडते. जागा ठरली की तिथे दोन मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं. ते खड्याला प्रकाश देतं, आणि नंतर खड्याच्या मागे साचलेला मळ काढायला तीच एक वाट असते.

मग मुख्य सोहळा. काडीच्या टोकाला मेणाचा कण लावून खडा उचलायचा. चिमट्याने उचललात तर तो उडतो, आणि उडालेला खडा टेबलाखाली कधीच सापडत नाही, तो दुसऱ्या खोलीत जातो. भोकावर ठेवून सपाट टोकाने सावकाश दाबायचं. नजर टेबलाच्या पातळीवर आणायची आणि खड्याच्या माथ्यावर दिव्याचं प्रतिबिंब बघायचं. ते एका बाजूला सरकलेलं दिसलं तर खडा तिरका आहे. दाबत दाबत खड्याची कंबर, म्हणजे त्याचा सगळ्यात रुंद काठ, मातीच्या पातळीखाली जायला हवी. गेली की भोवती मातीचा केसभर उंचवटा उठतो. या उंचवट्याला बोट लावायचं नाही. हेच कोंदण. आकसताना तोच कंबरेवर आवळून बसणार आहे. कंबर वर राहिली तर चांदी तिला खालून आवळते आणि खडा ओल्या साबणासारखा वर निसटतो.

वाळवण्यात घाई करणाऱ्याला क्ले माफ करत नाही. गरम पृष्ठभागावर अर्धा तास ठेवावं, मग तुकडा गरम असतानाच आरशावर ठेवून उचलावा. आरशावर वाफेचा पुसट डाग दिसला तर आत पाणी आहे. ते पाणी भाजताना वाफ होऊन बाहेर यायला स्वतःची वाट करतं, आणि ती वाट बहुधा पेंडंटच्या मधोमध असते. डाग येईनासा होईपर्यंत हा खेळ चालू ठेवायचा.

वाळलेला तुकडा खडूइतका ठिसूळ असतो. ४०० मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा साफ कराव्यात. आत्ता दोन मिनिटांत जाणारा ओरखडा भाजल्यावर अर्धा तास खातो. मास्क लावावा आणि पडलेली पूड कागदावर गोळा करावी. ती चांदी आहे, पाणी घालून तिची पेस्ट होते. साखळीसाठीचं भोक बारीक ड्रिल बोटांनी फिरवून पाडावं, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. चार मिलिमीटरचं भोक भाजून साडेतीनचं होतं. साखळीचं टोक चारचं असेल तर ते त्यातून जाणार नाही, आणि हे सगळ्यात शेवटी कळतं.

भाजायच्या आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने खडा लख्ख पुसायचा. पैलूवर राहिलेला मातीचा पुसट थर भट्टीत चांदी होतो आणि खड्याला कायमचा चिकटतो. दुसरी तंबी ॲल्युमिनियमची. त्याचा चमचा, फॉइल, भांडं, काहीच या मातीजवळ नको. भाजताना ॲल्युमिनियम चांदीला पोखरतं.

भट्टी असेल तर ६५० अंश सेल्सियसला अर्धा तास कमी तापमानावर भाजायच्या क्लेला पुरतो. खड्याला सोसत असेल तर ९०० अंशांना दोन तास दिलेली चांदी अधिक मजबूत होते. भट्टी नसेल तर ब्युटेनचा टॉर्च आणि भट्टीची वीट, आणि पेंडंट २५ ग्रॅमच्या आत. खोलीतले दिवे मंद करा, कारण इथे थर्मामीटर म्हणजे आपले डोळे. आधी धूर, मग छोटीशी ज्वाळा. हा बाइंडरचा निरोपसमारंभ, घाबरू नये. मग तुकडा फिकट केशरी होतो. घड्याळ तिथून लावायचं, धुरापासून नाही. लहान तुकड्याला दोन मिनिटं पुरतात म्हणतात, आम्ही पाच देतो. कमी भाजलेलं पेंडंट दिसायला अगदी गुणी असतं आणि जरा वाकवलं की कट्टकन मोडतं. ज्वाळा गोल फिरती ठेवायची, खड्यावर रोखायची नाही. अंगावर पाऱ्यासारखी लकाकी धावली तर लगेच मागे घ्या. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि त्या लकाकीनंतर पेंडंटचा थेंब व्हायला फार वेळ लागत नाही.

आता सगळ्यात अवघड पायरी: काही न करणं. नुसती चांदी असेल तर चिमट्याने उचलून पाण्यात टाकावी, चर्र आवाज होतो, मजा येते. खडा असेल तर पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. तापलेला खडा पाण्यात पडला की तडकतो. अर्धा तास हात मागे बांधून बसा.

थंड झालेलं पेंडंट हातात घेतल्यावर वाटतं, कोणीतरी चुना लावला. खरंच पांढरं फटक दिसतं. ती राख नाही. पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर इतका खडबडीत असतो की प्रकाश सगळीकडे विखुरतो. साबणाच्या पाण्यात पितळी ब्रशने घासलं की खालून चांदी वर येते. मग पोलादी घोटणीने काठ घोटावेत. कानाजवळ नेऊन हलवावं. खडा खुळखुळत असेल तर घोटणीने कोंदणाचा काठ हळूहळू आत दाबावा. शुद्ध चांदी मऊ असते, ऐकते. काळसर छटा हवी असेल तर लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाचा खडा गरम पाण्यात टाकतात, पण खिडक्या उघडून. तो वास सडक्या अंड्यांचा असतो आणि त्याची सफाई देणं पेंडंट करण्यापेक्षा कठीण जातं.

सगळं जमलं, खडा घट्ट आहे, चीर नाही, साखळीही जाते. मग सहज पेंडंट उलटं करून बघावं. ओल्या मातीवर कधीतरी आपला अंगठा टेकलेला असतो. त्याची एकूण एक रेष तिथे उमटलेली दिसते, ९९९ शुद्धतेच्या चांदीत, बारा टक्क्यांनी लहान.