मला रॉकेट नकोय हो, पेडर रोडचा चढ चढायचाय!

डोकं फिरलंय माझं. मुंबईत जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बाळगणाऱ्या माणसाने इंजिनाबद्दल एक साधा प्रश्न विचारायचा नाही का? तोंड उघडलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं: "साब, ट्विन कार्ब डालो, रॉकेट हो जाएगी!" म्हणजे एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर लावा. रॉकेट! आणि ते सोडू कुठे? एलबीएस रोडवर, रिक्षा आणि टँकरच्या मध्ये?

१०८९ सीसीचं इंजिन आहे. चार सिलेंडर, पुशरॉडवाले व्हॉल्व्ह, कागदावर चाळीसेक हॉर्सपॉवर. याच कुर्ल्यात बनलेलं. शहरात ते फिरतं पंधराशे ते अडीच-तीन हजार आरपीएमला. त्याच्या वर जायला रस्ता लागतो, आणि मुंबईत तो फक्त रात्री दोन वाजता मिळतो. माझं मागणं काय, तर चार माणसं बसवून पेडर रोडचा चढ तिसऱ्या गियरमध्ये निघावा आणि पिकअप थोडा सुधारावा. बस्स. तर याला उत्तर म्हणून ऑपेरा हाऊसला पार्टवाल्याने काउंटरवर माझ्यापुढे 'रेस कॅम', म्हणजे शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट, आपटला.

मी विचारलं, "ड्युरेशन किती?" म्हणाला, "फुल रेस." लिफ्ट किती? "फुल रेस." अरे, पन्नास वर्षं जुन्या गाडीवाल्याला गिऱ्हाईक समजता की गाढव?

कॅमशाफ्ट म्हणजे काही नुसता जोर वाढवायचा खटका नाही. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहणार (ड्युरेशन), किती वर उचलला जाणार (लिफ्ट), आणि इनटेक-एक्झॉस्ट एकाच वेळी किती उघडे असणार (ओव्हरलॅप), हे सगळं तो ठरवतो. ड्युरेशन वाढवलं की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. साडेचार-पाच हजारांवर गाडी पळेल, मान्य. पण खाली? ओव्हरलॅप जास्त असल्यामुळे स्लो रनिंगला इंजिन धक्के मारत चालतं, न जळलेलं पेट्रोल सरळ एक्झॉस्टमधून बाहेर जातं, आणि पीयूसीवाला मशीनकडे बघून मान हलवतो. शिवाय इनटेक उशिरा बंद होतो, म्हणून खालच्या आरपीएमला सिलेंडरमध्ये दाब कमी पडतो. आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच बेताचं. म्हणजे चढावर जी काही होती ती ताकदही गेली! पण हे सांगायला त्याच्याकडे वेळ नाही, पुढचं गिऱ्हाईक एलईडी हेडलाईट मागतंय.

दुसरीकडे लेथवाला. म्हणे, "नवीन कशाला? तुमचीच कॅम घासून लिफ्ट वाढवून देतो." बरं, घासायला हरकत नाही, जगभर करतात. पण लोबचा, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचा, तळ घासला की त्यावर टेकलेला टॅपेट खाली बसतो, तिथून व्हॉल्व्हपर्यंत जोर पोचवणाऱ्या पुशरॉडची लांबी आणि रॉकरचा कोन बघावा लागतो. वरचा कडक थर किती उरला तेही तपासावं लागतं. त्यावर हा म्हणतो, "टॅपेट जुनेच चालतील." चालतील कसे? जुन्या टॅपेटची बूड आधीच्या लोबवर झिजून बसलेली असते. नव्या घासकामावर तेच टाकले तर दोन-चार हजार किलोमीटरमध्ये लोब गुळगुळीत. आणि नव्या कॅमचा पहिला स्टार्ट हा सोहळा असतो, राव. टॅपेटला मोली ग्रीस, झिंकवालं तेल, आणि इंजिन पेटल्यापेटल्या वीसेक मिनिटं दोन हजारांवर ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. गॅरेजमधला पोऱ्या मात्र स्टार्ट होईपर्यंत स्टार्टर कोकलत ठेवणार, आणि पेटली की लगेच आयडलवर सोडून चहा आणायला जाणार.

आता चोकची कथा. डॅशबोर्डखाली ओढायचा तो नव्हे, कार्ब्युरेटरच्या नरड्यातली अरुंद जागा. चोर बाजारात एकाकडे वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर होते, दोन. जोडी बघून खरंच जीव हरखला, खोटं कशाला बोलू. आत चोक कितीचे, म्हटलं. "चाळीसचे, लिहिलंय ना वर." अरे बाबा, ४० हे बॉडीचं माप, चोक त्याच्या आत वेगळे बसतात आणि बदलता येतात! उघडून बघितलं तर ३४ मिलिमीटर. एका सिलेंडरला २७२ सीसी, त्याला ३४ चा चोक म्हणजे हडकुळ्या मुलाच्या अंगात बापाचा शर्ट. खालच्या आरपीएमला हवेचा वेगच येत नाही, मेन जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल नीट खेचलं जात नाही, आणि पाय दाबला की गाडी आधी खोकणार, मग विचार करणार, मग सिग्नल परत लाल. या इंजिनाला माझ्या मते २६-२८ च्या वर जायचं कारणच नाही. मेन जेटचा ढोबळ हिशेब चोक गुणिले चार. २८ ला ११२, म्हणजे ११० किंवा ११५ पासून सुरुवात. त्यात पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडतं, जेट थोडं वाढवावंच लागतं. हे मी बोलत होतो आणि तो विक्रेता माझ्याकडे असा बघत होता की जणू मी उधारी मागतोय.

इनटेकवर तर बोलायलाच नको. जाळीचे चकचकीत कोन फिल्टर लावून देतात, बॉनेटखालची तापलेली हवा ओढायला. आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की? तो उघडा कोन पाणी आत घेईल, पिस्टन पाणी दाबायला जाईल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. मूळचा एअर क्लीनर बसका आणि कुरूप असेल, पण त्याला डोकं होतं.

माझं एवढंच म्हणणं आहे की इनटेक, कॅम आणि चोक एकत्र ठरवा, आणि त्याआधी विचारा की गाडी कुठे, किती आरपीएमला चालणार आहे. एकाने, अख्ख्या मुंबईत एकाने तरी विचारावं! उलट आमच्या सोसायटीतले काका. त्यांचं वेगळंच: "ओरिजिनल ठेव, स्क्रूला हात लावू नकोस." काका, ओरिजिनल ठेवायला तिचे जेट ओरिजिनल आहेत कुठे? आधीच्या मालकाने सुईने साफ करून करून भोकं मोठी केलीत!

आता ठरवलंय. ज्याच्या भिंतीवर कॅमचे अंश मोजायचं डिग्री व्हील टांगलेलं दिसेल आणि टेबलावर लिफ्ट मोजायचं डायल गेज असेल, त्याच्याच गॅरेजला गाडी लावीन. तोवर तोच सोलेक्स कार्ब्युरेटर, तीच झिजलेली कॅम. आणि कुणी परत रॉकेट म्हटलं, तर स्पॅनर हातात असतो माझ्या, सांगून ठेवतो.