वायफायचं बिल कुणाच्या खात्यावर?

स्वीडनने शाळांतल्या स्क्रीन कमी करून छापील पुस्तकांसाठी पैसे दिले, ही २०२३ मधली बातमी आमच्या गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी ताजी म्हणून येते. ती आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘बघा, शेवटी फळा-खडूच बरा.’ दुसरा म्हणतो, ‘शहरातली पोरं एआय शिकताहेत आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत धड एक स्क्रीन नाही.’ मग पुण्यातून नाहीतर दुबईतून कुणीतरी सुचवतं, सगळे मिळून दहा टॅब देऊ या का? मी अमेरिकेत राहते म्हणून माझं मत विचारतात. खरं तर माझा हिस्सा विचारतात.

टॅब चांगला की वाईट, या वादात मला रस उरलेला नाही. बॉस्टनजवळच्या ज्या गावात मी राहते तिथे गावाच्या वित्त समितीवर साधे नागरिक विनामोबदला काम करतात. त्यात मीही आहे. शाळांचं अंदाजपत्रक आमच्यापुढे येतं. त्यातले आकडे वाचून माझं एक मत पक्कं झालंय: शाळेतलं यंत्र चालतं की धूळ खातं, हे ते कुठल्या कंपनीचं आहे यावर फारसं अवलंबून नसतं. दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च कुणाच्या नावावर लिहिलाय, यावर असतं. या बाबतीत अमेरिकेने एक गोष्ट नीट केली आणि बाकी बराच गोंधळ घातला.

नीट केलेली गोष्ट म्हणजे ई-रेट. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेली ही योजना आहे. इथल्या फोनबिलात ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ अशी एक छोटी ओळ असते. बहुतेकांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. त्या पैशातून शाळांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या इंटरनेटवर २० ते ९० टक्के सूट मिळते. किती टक्के, हे मुख्यतः शाळेतली किती मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत यावर ठरतं. ग्रामीण भागाला थोडं झुकतं माप. गरीब वस्तीतल्या शाळेला शंभर डॉलरच्या बिलातले दहाच भरावे लागतात. या निधीची वार्षिक मर्यादा सुमारे पाच अब्ज डॉलर आहे, आणि तो लॅपटॉपला मिळत नाही. फक्त जोडणी आणि इमारतीतलं वायफायचं जाळं. उद्घाटनाला नारळ फोडावा असं त्यात काहीच नाही, म्हणूनच कदाचित ते टिकलं. या निधीची वसुलीच घटनाबाह्य आहे असा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

पूर्वी ही सूट घ्यायची तर शाळेला तंत्रज्ञान आराखडा मंजूर करून घ्यावा लागे. शिक्षकांना शिकवणार कसं, हेही त्यात लिहावं लागे. २०१४ च्या सुधारणेत कागदपत्रं कमी करण्यासाठी ती अट काढली. मला ते पटत नाही. बरेच आराखडे एकमेकांचे उतारे असतील, तरी निदान एकदा कुणाला तरी तो प्रश्न वाचावा लागत होता.

आता गोंधळ. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायचं ठरवलं. वायफायसकट एक अब्ज तीस कोटी डॉलरचा बेत. काही आठवड्यांत पोरांनी सुरक्षेची कुलपं उघडून मनसोक्त नेट वापरायला सुरुवात केली. आतला अभ्यासक्रम अर्धवट होता, कंत्राटाच्या व्यवहारावर बोट ठेवलं गेलं, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शिक्षणप्रमुखांनी राजीनामा दिला. हे सगळं तेव्हा गाजलं. मला त्यातली कमी गाजलेली बाब जास्त खटकते: पैसे शाळांच्या बांधकामासाठी मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतले होते. चार-पाच वर्षांत मोडीत जाणारी वस्तू, आणि कर्ज फेडायचं दशकानुदशकं.

कोविडमध्ये तेच देशभर झालं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने तीन हप्त्यांत शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. मुलं घरी अडकलेली, त्यामुळे क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या प्रणालीवर चालणारे स्वस्त लॅपटॉप, घेणं योग्यच होतं, आणि ती घाऊक घेतली गेली. शेवटच्या हप्त्याचे पैसे कशावर खर्चणार हे ३० सप्टेंबर २०२४ च्या आत ठरवायचं होतं. त्यानंतर पैसे बंद, यंत्रं मात्र हातात. क्रोमबुकला गुगलकडून सुधारणा मिळण्याची मुदत ठरलेली असते; ती संपली की चांगलं चालणारं यंत्रही ऑनलाइन परीक्षेला चालत नाही. ओरड झाल्यावर २०२३ मध्ये कंपनीने ती मुदत दहा वर्षांवर नेली. पण तुटलेले पडदे आणि उपटलेल्या कळा मुदतीची वाट बघत नाहीत. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० च्या एका कायद्यामुळे गावाला मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. नवी बांधकामं तेवढी वेगळी. त्याहून हवं तर मतदान घ्यायचं. त्यामुळे क्रोमबुकचा बदली-खर्च आमच्याकडे थेट अग्निशमन बंबाशी भांडतो, आणि बंब बहुधा जिंकतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी: आमचं गाव खात्यापित्या घरचं आहे. याच राज्यात लॉरेन्स आणि ब्रॉकटनसारखी शहरं आहेत, त्यांच्या शाळा मुख्यतः राज्याच्या मदतीवर चालतात. ‘अमेरिकेतल्या शाळा’ असं जेव्हा गटावर कुणी लिहितं, तेव्हा कुठल्या, असं मला विचारावंसं वाटतं.

आता आपल्याकडचं बघू. माझी मावसबहीण एका दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट साठच्या आसपास. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. म्हणजे तिच्या शाळेला २५ हजार. यात वीज, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, फळ्याचा रंग, रजिस्टरं आणि जमलं तर इंटरनेट. २०१५ पासून ‘डिजिटल शाळा’ची लाट आली तेव्हा गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, शिक्षकांनी स्वतःच्या खिशातले पैसे घातले. तो उत्साह खरा होता. पण वीजबिल थकलं म्हणून शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्याही मराठी वर्तमानपत्रांत तेव्हापासून आजपर्यंत येतच आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला वर्गणी कोण मागणार? आमच्या गटातही तिला कुणी हात वर केलेला मी पाहिला नाही. बॅटरीवर दात्याचं नाव रंगवता येत नाही ना!

‘यूडायस प्लस’ या शाळांच्या सरकारी माहितीसंचाची २०२४-२५ ची आकडेवारी सांगते की देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. त्यातलं किती शिक्षकांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, हे त्या आकड्यात दिसत नाही. बहीण सांगते, तिचा डेटा पॅक मुलांना व्हिडिओ दाखवण्यापेक्षा निरनिराळ्या पोर्टलवर माहिती भरण्यातच जास्त संपतो.

शिकवण्याच्या साहित्याबाबत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, आणि गटावर हे कुणी म्हणत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात कुणालाही फुकट मिळतात. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही तीच छापून वापरतो. क्यूआर कोड असलेली पाठ्यपुस्तकं, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी करून दाखवलं, २०१७ पासूनचा दीक्षा हा सरकारी ऑनलाइन शिक्षणमंच. सगळं एकाच अभ्यासक्रमाला जोडलेलं. इथे प्रत्येक गाव आपापली पुस्तकं आणि आपापली ॲपं विकत घेतं. गणिताचं एक, वाचनाचं दुसरं, हजेरीचं तिसरं, दरवर्षी दरडोई वर्गणी, आणि मुलांची माहिती डझनभर कंपन्यांकडे. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, तेव्हा देशभरच्या पालकांना आपल्या मुलांची नोंद कुठे ठेवलेली आहे हे पहिल्यांदा कळलं.

तेव्हा आपल्याकडे साहित्य आहे, ते उघडायला लागणारी जोडणी आणि वीज नाही. आणि गंमत अशी की ई-रेटसारखा पैसाही आपल्याकडे गोळा होतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातला ५ टक्के वाटा २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधीत जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी हे नाव दिलं. भारतनेट या सरकारी ग्रामीण ब्रॉडबँड प्रकल्पाची केबल त्यातूनच ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून शाळेत आत आलेल्या जोडणीचं दरमहा बिल मात्र त्याच २५ हजारांतून भरायचं. याच निधीतून शाळांच्या बिलावर गरिबीच्या प्रमाणात सूट द्या, ही मागणी आमदार-खासदारांकडे का जात नाही? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि तोच अनुदानाचा आधार मानायचा असतो. वीज, नेट आणि दुरुस्तीची वार्षिक रक्कम त्यात स्वच्छ लिहून वर पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. दहा टॅबच्या पैशात आमचा गट तालुक्यातल्या चार-पाच शाळांना हे आराखडे नीट करायला मदत करू शकेल, असं मी लिहिलं. त्यावर दोन अंगठे आणि एक नमस्कार आला.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली आहे. ती ग्रामीण भागातल्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी आहे. माझ्या बहिणीची शाळा प्राथमिक आहे, आणि जिल्हा परिषदांच्या बहुतेक शाळा प्राथमिकच आहेत.