चालीवर लिहिणं म्हणजे मजुरी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘गाणं लिहायला शिकताना’ या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ‘सदाशिव पेठेतला एक रसिक’ अशी सही केल्यामुळे नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटका होणार नाही, हे लगेच कळलं. तेव्हा सविस्तरच लिहितो.

लेखात मी नवशिक्यांना सुचवलं होतं की ओळखीची एखादी चाल घ्या, तिच्यावर आधी काहीबाही डमी शब्द बसवा, मात्रा, म्हणजे प्रत्येक अक्षर म्हणायला लागणारा वेळ, मोजा आणि मग त्याच मीटरमध्ये, म्हणजे त्याच मापात, स्वतःचं गाणं लिहा. यावर तुमचं म्हणणं असं की प्रतिभा उपजत असते, ती शिकवता येत नाही. चालीवर शब्द बसवणं ही मजुरी आहे. आणि ‘गदिमांनी कुठला क्लास लावला होता?’

क्लास नव्हता लावला. पण १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा माडगूळकरांच्या गाठीशी दहा वर्षांहून जास्त काळ सिनेमासाठी लिहिल्याचा सराव होता. सिनेमात प्रसंग दुसऱ्याचा, लांबी दुसऱ्याने ठरवलेली आणि चालही पुष्कळदा आधीच तयार. ती शाळाच होती, फक्त फळा नव्हता. पुढे आठवड्याला एक या हिशोबाने वर्षभराची ५२ गाणी ठरली आणि त्या वर्षी अधिक भाद्रपद आला म्हणून ती ५६ झाली. दर आठवड्याला सुधीर फडक्यांच्या हातात कागद द्यायचा, तोही गाता येईल असा. हे नुसत्या प्रतिभेच्या भरवशावर होतं, असं मला वाटत नाही. तुम्ही म्हणाल, तिथे तर शब्द आधी होते आणि चाल नंतर. बरोबर आहे. पण चाल कुठे श्वास घेईल आणि कुठे थांबेल, हे कानात पक्कं असलेल्या माणसाचे शब्द होते ते. माझा सगळा आग्रह त्या कानासाठी आहे.

आता मजुरीबद्दल. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवसांत एका कॉलेजच्या तालमीला बसलो होतो. गाणं लिहिणारा मुलगा कविता चांगल्या करतो. त्याची ओळ होती, ‘निःशब्द तुझे हे अस्तित्व’. मोजायला गेलं तर चूक नाही. शेवटचं अक्षर ओढलं की सोळा मात्रा होतात, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाची दोन आवर्तनं. पण संगीत करणाऱ्या मुलीने ओळीच्या शेवटी वरच्या सुरावर लांब मुक्काम ठेवला होता आणि तिथे नेमका ‘त्व’ आला. गाणारी बिचारी तीन वेळा ‘अस्तित्वाऽऽऽ’ म्हणाली आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसली. जोडाक्षरावर सूर टेकत नाही, त्याला आ, ए, ओ असा मोकळा स्वर लागतो. चहा येईपर्यंत त्या मुलाने ओळ बदलली होती: ‘अजून दारी तुझी पावले’. मात्रा तेवढ्याच, चालीला धक्का नाही आणि ‘ले’वर गळा हवा तेवढा वेळ थांबू शकतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे की ‘अस्तित्व’ गेलं आणि दार आलं. चालीच्या अडचणीने त्याला जास्त चांगल्या ओळीकडे ढकललं. ही मजुरी असेल तर असो.

मात्रा मोजायच्या त्याही पुस्तकात बघून नाही, कानाने. ‘पुण्य’मध्ये ‘पु’वर आघात येतो, म्हणून तो गुरू, दोन मात्रांचा. ‘पुण्यात राहतो’ म्हणताना तोच ‘पु’ लघू राहतो, एकाच मात्रेचा. लिहायला दोन्ही ‘पुण्य’च. नवशिके इथे हमखास फसतात आणि मग गायकाला शब्द चेपून म्हणावा लागतो.

साच्यात भावना मरते, असंही तुम्ही लिहिलंय. मोठा अभंग मोजून बघा. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. याच साच्यात तुकोबा देवाशी भांडले, रडले, लोकांना फटकावून काढलं. आषाढात पालख्या पुण्यात येतात तेव्हा टाळाबरोबर हजारो माणसं ते एका ठेक्यात म्हणत चालतात. साचा नसता तर एवढ्या तोंडांनी ते एकत्र म्हणता आलं असतं का?

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. चालीवर लिहिताना भरतीचे शब्द फार येतात. मात्रा कमी पडली की ‘रे’, ‘गं’, ‘हा’, ‘सखे’ टाकायचं आणि पुढे जायचं. अलीकडची कित्येक गाणी ऐकताना मलाही वाटतं की यातले सगळे ‘रे’ गोळा केले तर वेगळं कडवं होईल. पण हा आळस लिहिणाऱ्याचा आहे, चालीचा नाही. माझ्याकडे कुणी गाणं घेऊन आलं की मी पहिल्यांदा असे शब्द पेन्सिलीने खोडतो आणि उरलेलं मोठ्याने म्हणायला लावतो. भोकं कुठे पडली ते लगेच ऐकू येतं.

शेवटी तुम्ही स्वतःच्या चार ओळी देऊन आव्हान दिलंत की ‘याला चाल लावून दाखवा’. चाल मी लावत नाही, पण लागेल हे सांगू शकतो. ‘सांजवेळी दूर कोठे’ या तुमच्या पहिल्या ओळीत सात-सात मात्रा आहेत आणि त्या तीन-दोन-दोन अशाच पडतात. म्हणजे न ठरवता तुम्ही रूपक या सात मात्रांच्या तालात लिहिलंयत. दुसरी आणि चौथीही जमते. अडते ती तिसरी, ‘देवळात घंटा वाजते’. तिथे पंधरा मात्रा होतात आणि ठेका मोडतो. ‘वाजते घंटा जुनी ती’ केलं तर बसेल. यातला ‘ती’ भरतीचा आहे, हे तुम्ही पकडणारच. त्याच्या जागी दोन मात्रांचं दुसरं काही सुचलं तर खाली लिहा.