व्हॅलिडेटऑर्डर हे नाव बदलायलाच हवं

आमच्या टीममध्ये तीन आठवडे एकच वाद चाललाय. शेअर्ड लायब्ररीत, म्हणजे सामायिक कोडमध्ये, 'व्हॅलिडेटऑर्डर' नावाचं जुनं फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) आहे. नाव वाचून कुणालाही वाटेल, हे ऑर्डर तपासतं आणि बरोबर की चूक एवढंच सांगतं. पण ते आतल्या आत स्टॉकही राखून ठेवतं! मागच्या महिन्यात नव्याने आलेल्या मुलीने ते दोनदा कॉल केलं आणि एकाच ऑर्डरसाठी दुप्पट माल अडकून बसला. बोलणी तिने खाल्ली. मला ते अजून सलतंय, कारण नाव वाचून जे समजायला हवं, तेच ती समजली होती.

आमचे सीनियर म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावू नका." त्यांची भीती खोटी नाही. हे नाव कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल्समध्ये स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, म्हणूनही लिहिलंय. एडिटरमधून रिनेम केलं तर तिथलं नाव बदलायचं राहून जाणार आणि रात्री आपोआप चालणारे जॉब बंद पडणार.

नाव नुसतं ओबडधोबड असेल तर मीही त्यांच्याच बाजूने. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या फाइल बनवणाऱ्या 'क्रिएट' कॉलच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही, वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलमधल्या 'रेफरर' हेडरमध्ये एक आर कमी आहे. राहू देत. त्यांच्यामुळे कुणाची दिशाभूल होत नाही. जावास्क्रिप्टच्या 'गेटइयर'ची गोष्ट वेगळी. ते वर्षातून १९०० वजा करून देतं, म्हणजे २०२४ साली १२४! तिथे 'गेटफुलइयर' आणावंच लागलं, आणि जुन्या वेबपेजेससाठी जुनंही ठेवलं. रिअ‍ॅक्ट या वेबपेजेस बनवायच्या लायब्ररीने २०१८ मध्ये १६.३ आवृत्तीत 'कंपोनंटविलमाउंट' या फंक्शनच्या नावाआधी 'अनसेफ' जोडलं, तेव्हाही जुनं नाव लगेच काढलं नाही. वर नावं बदलून देणारी स्क्रिप्टही दिली.

मीही तेच केलंय. नवं नाव 'व्हॅलिडेटअँडरिझर्व्हस्टॉक'. लांबलचक आहे, असू दे. जुनं फंक्शन आता फक्त नव्याला कॉल करतं आणि त्यावर डेप्रिकेटेडची (म्हणजे 'यापुढे वापरू नका' अशी) खूण आहे, त्यामुळे कॉन्फिगमधल्या स्ट्रिंगही चालत राहतील. त्या पीआरमध्ये (टीमने तपासण्यासाठी पाठवलेल्या बदलात) दुसरा एकही बदल नाही. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी सोय, बिघडेल अशीही तक्रार आली, पण गिट २.२३ पासून ठरावीक कमिट (नोंदवलेला बदल) ब्लेममधून वगळता येतो.

काल पीआर टाकला. रिव्ह्यूअर म्हणून पहिलं नाव त्या मुलीचं दिलंय.