‘महिलांनो सावधान’ वाल्या सायकलच्या मेसेजला उत्तर

ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, लाल अक्षरातला. म्हणणं थोडक्यात असं की सायकलच्या सीटमुळे बायकांचं गर्भाशय खाली सरकतं, पुढे दिवस राहायला त्रास होतो, पाळीत तर सायकलला हातच लावू नये, आणि चालवायचीच असेल तर जेवढी रुंद आणि मऊ सीट मिळेल तेवढी घ्या, वरून जेलचं कव्हर घाला, सुरुवातीला दुखतंच, सवयीने जातं. खाली ‘प्रसिद्ध डॉक्टरांचा सल्ला’, डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही.

गर्भाशयाचं आधी उरकते. अंग बाहेर येतं ते बाळंतपणं, वय, जुनाट खोकला, कायमचं बद्धकोष्ठ, जड ओझी उचलणं अशा कारणांनी, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. सीटवर भार येतो तो ढुंगणाच्या दोन हाडांवर आणि मधल्या नाजूक भागावर, गर्भाशय त्याच्या बरंच वर असतं. आणि दिवस राहण्याचं म्हणाल तर अति व्यायाम आणि त्यामानाने खाणं कमी असेल तर पाळी बंद पडू शकते हे खरं, पण ते पळणाऱ्या मुलीलाही होतं, त्यात सीटचा काय दोष? पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास असणाऱ्यांना तर डॉक्टर स्वतःहून व्यायाम करा म्हणून सांगतात. गरोदर असाल तर मात्र तोल आणि पडण्याचा प्रश्न असतो, तेव्हा आपल्या डॉक्टरला विचारा, ग्रुपला नको.

आता सीट. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. आपली ती पुढे बास्केटवाली लेडीज सायकल, जिच्यावर आपण ताठ बसतो, तिला रुंद स्प्रिंगची सीट चालते कारण सगळं वजन मागे हाडांवर असतं. पण हायब्रिड किंवा रोड बाइकवर, म्हणजे वेगाने चालवायच्या सायकलींवर, वाकून बसलात की वजन पुढे सरकतं आणि तीच रुंद सीट मांड्यांना आतून घासायला लागते. जेल कव्हरचं तर विचारूच नका, मऊ गादीत हाडं खाली रुततात आणि मधली गादी वर फुगून नेमकी जिथे दाब नको तिथेच दाबते, म्हणजे दहा मिनिटं मस्त आणि तासाभराने मुंग्या.

मऊपणापेक्षा माप बघा. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा, तो नालीदार असतो ना तो, कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसून थोडं पुढे वाका, पाय जरा वर उचला. उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजा आणि त्यात साधारण २० ते २५ मिमी मिळवा, एवढी रुंद सीट शोधायची. बायकांची ही हाडं सरासरीने एकमेकांपासून जरा दूर असतात पण प्रत्येकीचं वेगळं, त्यामुळे नुसतं ‘लेडीज’ लिहिलंय म्हणून घेतलेली सीट बसेलच असं नाही. मधे खाच असलेली बऱ्याच जणींना बरी पडते, काहींना त्या खाचेच्याच कडा टोचतात. घेण्याआधी बसून बघा, दुकानदार कुरकुरला तरी.

आणि सीट बदलण्याआधी पाना घ्या! उंची जास्त असेल तर पेडल गाठायला कंबर डावी-उजवी हलते आणि घासाघीस होते. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. सीटचं नाक वर असेल तर एखादा अंश खाली करा, हँडल फार खाली असेल तर उचला. २०१६ साली रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सीट जवळपास सपाटच हवी हा नियम ९ अंशांपर्यंत सैल केला, रिओ ऑलिम्पिकच्या आधी ब्रिटनच्या महिला टीमच्या दुखण्यावर काम झालं त्यात हा बदलही होता. तिथे मुलींना खालचे केस काढू नका असंही सांगितलं होतं, कारण ते घर्षण कमी करतात.

‘सवयीने जातं’ हे मला सगळ्यात घातक वाटतं. नवीन असताना हाडांना दुखणं आठवड्या-दोन आठवड्यात कमी होतं, मान्य. पण बधिरपणा, सूज, जखम ही सवयीची गोष्ट नाही. ब्रिटनची पॅरालिंपिक सायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये जाहीर लिहिलं की सीटच्या दाबाने तिला सूज येऊन शेवटी ऑपरेशन करावं लागलं. २०१८ चा एक अभ्यास आहे, सायकलवाल्या, पोहणाऱ्या आणि पळणाऱ्या बायकांची तुलना, त्यात लैंगिक आरोग्यात सायकलवाल्या मागे नव्हत्या, पण लघवीचं इन्फेक्शन, बधिरपणा आणि सीटच्या जखमा त्यांच्यात जास्त होत्या. म्हणजे त्रास आहेच, तो तोंड मिटून सोसायचा नाही एवढंच.

पाळीत चालवा की, बरं वाटत असेल तर. त्रास असतो तो पॅडच्या कडा घासण्याचा, पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरणाऱ्यांना तोही नाही. सायकलसाठीची, आत गादी शिवलेली शॉर्ट घातलीत तर आत दुसरं काही घालू नका, शिवण रुतते. आणि घरी आल्यावर घामट शॉर्टवर चहा पीत बसू नका, आधी बदला. लघवीला जळजळ किंवा न जाणारी गाठ असेल तर सरळ गायनॅककडे, आणि सायकल चालवते हे तिला आधी सांगा.