लग्नाची पत्रिका आणि तेरावं व्हर्जन

भाचीच्या लग्नाची पत्रिका पुण्याच्या पुतण्यानं फुकटात करून दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पुतण्याकडे कोरलचं, म्हणजे पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरचं, २०२० सालचं व्हर्जन. वरुडच्या प्रेसमध्ये एक्स-थ्री, म्हणजे २००६ सालचं. प्रेसमधल्या पोरानं फाईलवर क्लिक केलं की इंग्रजीत एक पाटी यायची, ओके दाबलं की पाटी जायची. फाईल काही यायची नाही.

"नवी फाईल हाय भाऊ. जुन्यात नाही उघडत."

"आणि जुनी नव्यात?"

"थे उघडते ना!"

म्हणजे बापाचं बोलणं पोराला कळावं, पोराचं बापाला कळू नये, असा हा एकतर्फी कारभार. वर्डनं २००७ साली फाईलच्या नावामागं एक एक्स चिकटवला, तेव्हाही आमच्या शाळेत असाच गोंधळ झाला होता. वरून आलेली परिपत्रकं उघडेनात. मुख्याध्यापकांना त्यात आनंदच होता, कारण न उघडलेल्या परिपत्रकाचं उत्तर द्यावं लागत नाही. पण तेव्हा निदान जुन्या वर्डसाठी फुकटचा एक पॅक तरी मिळत होता. तो टाकला की नवी फाईल उघडायची. इथं तसलं काही नाही. ज्याच्याकडे नवं, त्यानंच खाली उतरायचं.

"मग नवं का नाही घेत तुम्ही?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"नवं घेतलं तं हा कॉम्प्युटर झेपवत नाही. कॉम्प्युटर घेतला तं मराठी फाँटाची किल्ली, थो डोंगल, त्याच्यावर चालत नाही. तुम्ही करता का खर्च?"

मी कुलरकडे पाहिलं. कुलरसमोर टेंभुरखेड्याचे एक आबाजी स्टूल टाकून बसले होते. आधार कार्डाचं लॅमिनेशन करायला आले होते, ते कधीच होऊन हातात आलं होतं. पण बाहेर वैशाखातलं ऊन आणि आत कुलर, त्यामुळे आबाजी हलायला तयार नव्हते. सगळा वारा त्यांच्या धोतरात. आमच्या वाट्याला नुसती घरघर.

"पुण्याले फोन लावा," पोरगा म्हणाला. "सेव्ह ॲजमधी खाली व्हर्जन असते. तेरा निवडा म्हणा. एक्स-थ्री म्हंजे तेरा."

आबाजी ताडकन उठले.

"लग्नाची पत्रिका अन् तेरात? तेरवी हाय का बाप्पा?"

"आबाजी, तो नुसता व्हर्जनचा नंबर आहे."

"नंबर असो नाही तं काही असो. मी सांगून राह्यलो, तेरात नको. चौदा करा."

"चौदा याच्यात उघडत नाही," पोरगा.

"मंग बारा?"

"बारा चालते."

"हां! बारा करा. बारा म्हंजे बारसं. लग्नाच्या पाठी बारसंच येते ना?"

प्रेसमध्ये झेरॉक्सला आलेल्या दोघी बाया पदराआड हसल्या. आणि त्या नालायक पोरानं खरंच पुतण्याला बारा सांगितलं. पुतण्या मीटिंगमध्ये होता. मीटिंग संपेपर्यंत आबाजींनी माझ्याकडून मुलाचं गाव, शिक्षण, शेती आणि संत्र्याची झाडं किती, एवढं काढून घेतलं.

बारावाली फाईल आली, आणि उघडली! गणपती आला, केळीचे खांब आले. अक्षरांच्या जागी मात्र चौकोनच चौकोन. पुतण्यानं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालते त्या मराठीत लिहिलेलं, आणि जुन्या कोरलाला मराठी युनिकोड वाचता येत नाही. आबाजींनी चष्मा लावून बराच वेळ ते चौकोन न्याहाळले. "शेताचा नकाशा दिसते," म्हणाले.

परत फोन. आता पुतण्यानं अक्षरं कर्व्हमध्ये बदलून पाठवली. म्हणजे अक्षराचं चित्र होतं. दिसतं झकास, पण त्यातला कानामात्राही नंतर हलवता येत नाही. वधूपिता, वरपिता, विनीत, किलबिल, सगळं जागच्या जागी. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात आबाजींचं बोट स्क्रीनवर टेकलं.

"हे जरूडवाले पाटील... याह्यची मोठी बहीण आमच्या साळ्याच्या घरी देल्ली हाय."

मी गप्प. अशा वेळी गप्प बसावं, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

"म्हंजे आमी सोयरेच झालो. मंग साळ्याचं नाव काऊन नाही?"

"आबाजी, ती नावं मुलाकडच्यांनी लिहून दिली आहेत."

"थे विसरले असतीन. तुमी तं विसरू नका. पोरा, टाक."

"नाही टाकता येत आबाजी, हे आता चित्र झालं."

"चित्रात गणपती टाकता येते, साळा नाही टाकता येत?"

यावर पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आबाजींनी तिथूनच साळ्याला फोन लावला, साळ्यानं जरूडला लावला, जरूडहून वरपित्याचा मला आला: "टाकून द्या ना भाऊ, काय फरक पडते?" फरक पडत नाही! ज्याच्या कानाशी कुलरची घरघर नाही, त्यानं असं म्हणू नये.

पुतण्या आता फोन उचलेना. मग पोरानं आपल्या जुन्या फाँटात साळ्याचं नाव टाइप करून खाली डकवलं. तो फाँट मुळातच जाड. बारीक केला तर स्क्रीन प्रिंटिंगला भरून येतो म्हणे, म्हणून मोठा ठेवला. पत्रिकेत आता वधूपित्याचं नाव बारीक आणि साळ्याचं ठसठशीत. वर 'डिझाईन दुरुस्ती'चे दोनशे रुपये मी दिले. आबाजींचं लॅमिनेशन तीस रुपयांत झालं होतं.

पत्रिका वाटून झाल्या. काल राजुरा बाजारच्या मावससासऱ्यांचा फोन आला. लग्नाला येणार की नाही ते नक्की नाही म्हणाले. आधी त्यांना एवढंच कळायला हवं आहे की त्यांचं नाव बारीक टायपात कोणाच्या सांगण्यावरून छापलं.