एक वाजता कुलूप, आणि आई सुटते पाचला

पायलट बोलला की अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, पोराला शिकवायचं असेल तर वाळपईच्या इंग्लिश केजीत घाला, आणि त्यावरून परवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होंड्याच्या तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, आमची जी जुंपली ती शेवटची कदंबा बस जाईपर्यंत चालली. चार जण होतो. पायलट म्हणजे भाड्यानं मोटारसायकलवर माणसं सोडणारा, त्याला सगळे तसंच हाक मारतात. मास्तर, सत्तरीतल्या सरकारी मराठी शाळांत जन्म घालवून निवृत्त झालेले. सोसायटीत कामाला असणारा भाऊ, त्याला प्रत्येक गोष्टीत पैसा कुठून येणार ते आधी लागतं. आणि मी. बाय नंतर आली, ती पुढं सांगतो.

पायलटचं म्हणणं खोटं नव्हतं हे आधी सांगतो. त्याची मुलगी साडेतीन वर्षांची. बायको पिसुर्ल्याच्या औद्योगिक इस्टेटीत पॅकिंगला, कंत्राटावर. अंगणवाडी एक वाजता बंद होते, बायको पाचला सुटते, घरी पोचेपर्यंत साडेपाच. मधले साडेचार तास आजी सांभाळते, आणि काजूच्या दिवसांत आजीच पहाटेपासून बागायतीत बोंडू वेचायला असते. म्हणून तो म्हणतो केजीत घालतो, महिन्याला हजार-बाराशे गेले तरी चालतील, निदान एबीसीडी तरी येईल.

मास्तरांनी एकच विचारलं, "केजी किती वाजता सुटते रे?"

साडेबाराला. म्हणजे पैसे भरून अर्धा तास आणखी कमी. पायलट गप्प झाला, मग म्हणाला पण शिकवतात तरी.

इथं मास्तर तापले. साडेतीन वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल धरायचं बळ आलेलं नसतं, त्याला चार रेघी वहीत ए काढायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे, पहिलीला अशी पोरं माझ्याकडे यायची, अक्षरं घोकलेली पण गोष्ट सांग म्हटलं की तोंड उघडत नाही. मग ते ताराबाई मोडकांवर आले, येणारच होते. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पानं, हेच सामान. मास्तर म्हणाले, आमच्याकडे तर चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधायला रानातली किती तऱ्हेची फळं-फुलं येतात, एवढं एक निमित्त धरून महिनाभर पोरांना रंग, आकार, मोजणं, नावं, सगळं शिकवता येतं आणि पैसा लागत नाही, माणूस मात्र लागतो, ज्याला हे कसं करायचं ते ठाऊक आहे असा.

हे शेवटचं वाक्य मला पटलं आणि तिथूनच माझं मत बनलं. 2020 च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग तीन ते आठ हा सगळा पायाभूत टप्पा धरला. गोव्यात 2023 च्या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झालासुद्धा. म्हणजे कागदावर अंगणवाडी ही शाळेची पहिली पायरी झाली. पण त्या पायरीवर जी बाई उभी आहे तिचं काय, हे कोण बोलत नाही.

तेवढ्यात बाय आली. आमच्याच वाड्यापलीकडची, अंगणवाडी सेविका, मीटिंगहून परतत होती आणि बस यायची होती. भाऊनं तिलाच धरलं, "बाय, तुम्ही पाचपर्यंत का नाही ठेवत गे? जागा आहे, पोरं आहेत, सरकारचा पगार आहे."

"पगार नव्हे, मानधन," ती म्हणाली आणि पिशवी बाकड्यावर ठेवून तिनं जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो.

सकाळी उघडायचं, मदतनीस घराघरांतून पोरं गोळा करून आणते, हजेरी, खाणं, मग गाणी-गोष्टी, तेवढ्यात कोण शी करतो कोण रडतो. दुपारी कुलूप लावलं की काम संपत नाही. गरोदर बायांच्या घरी जायचं, बाळंतिणीकडे जायचं, लसीकरणाच्या दिवशी आया आणि पोरं गोळा करायची, वजन-उंची मोजायची, कमी वजनाचं पोर असेल तर आरोग्य केंद्रात पाठवायचं आणि आईनं नेलं की नाही ते परत जाऊन बघायचं. हे सगळं पोषण ट्रॅकरवर भरायचं, 2021 पासून ते ॲपच आहे, आणि आता घरी न्यायचा शिधा देताना बाईचा चेहरा मोबाइलनं ओळखला पाहिजे. केरी-सुर्लच्या बाजूला रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, लॉकडाऊनात शाळेची पोरं डोंगरावर चढून बसायची ते सगळ्यांनी बघितलंय. आई तान्ह्या पोराला घेऊन उभी, मी मोबाइल वर धरून अंगणात फिरते, आत वीस पोरं मदतनिसाच्या जिवावर. मधेच कुठला सर्वे येतो, कधी मतदार यादीचं काम येतं.

"आता सांगा," ती म्हणाली, "यात माटोळी कधी शिकवू?"

मास्तर काही बोलले नाहीत.

पैशाचं भाऊनं विचारलंच. केंद्राचं मानधन सेविकेला 3000 होतं, ते ऑक्टोबर 2018 पासून 4500 झालं, मदतनिसाला 1500 चं 2250. वर राज्य आपली भर घालतं, गोव्यात ती नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढते, त्यामुळे आमच्याकडच्या सेविकांची अवस्था बऱ्याच राज्यांपेक्षा बरी आहे हे बायसुद्धा कबूल करते. पण नाव मानधनच. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली तेव्हापासून या बाया सेवाभावी धरल्या गेल्या, कामगार नव्हेत. ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे मान्य व्हायला 25 एप्रिल 2022 उजाडला, तोसुद्धा गुजरातच्या सेविका सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या म्हणून. सत्तेचाळीस वर्षं! मला याचा राग येतो आणि यायलाच पाहिजे असं मला वाटतं. ज्या वयात मेंदूचा एवढा भाग घडतो म्हणून आपण भाषणं करतो, त्या वयाच्या पोरांजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईला आपण मानधनावर ठेवतो, आणि कॉलेजात तयार पोरांना शिकवणाऱ्याला सातवा आयोग.

खाण्याचंही तेच. तीन ते सहाच्या पोराला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायची हे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात होतं, 2023 ला ते निकष बदलले, आणि खाण्यासाठी 2017 साली ठरवलेला दर पोरामागे दिवसाला आठ रुपये. आज गाड्यावर नव्हे, दुकानात कच्चं अंडं घेतलं तरी जवळपास तेवढे जातात. यावर भाऊसुद्धा म्हणाला की हे चुकलंच.

पायलट मधे पडला. त्याचा मावसभाऊ लिस्बनला आहे (आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा असतोच), तिथं 1 सप्टेंबर 2021 पासून जन्मलेल्या पोरांना पाळणाघर फुकट केलं. मग आपल्याकडे का नाही? भाऊ म्हणाला, अरे पण तुझाच भाऊ सांगत होता ना की फी गेली पण जागा मिळत नाही म्हणून. खरं आहे ते. अमेरिकेनं कोविडात पाळणाघरं तगवायला 24 अब्ज डॉलर वाटले, बऱ्याच ठिकाणी त्यातून बायांचे पगार वाढले, सप्टेंबर 2023 ला तो पैसा संपला आणि परत तेच रडगाणं. पैसा आला की सगळे खोल्या, खेळणी, रंगरंगोटीकडे धावतात, पण पोर सांभाळणारी बाई टिकली नाही तर ती खोली काय कामाची. हे पोर्तुगालला लागू तसंच सत्तरीलाही.

मग चर्चा लांबवर गेली असती पण बायनंच जवळची गोष्ट काढली. घाट चढला की पलीकडे कर्नाटक. तिथं 2023 पासून 'कूसिन मने' म्हणून पाळणाघरं काढतायत, चार हजार ग्रामपंचायतींत काढायची असं ठरवून, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या पोरांसाठी, आणि सांभाळायला गावातल्याच बाया शिकवून तयार करतात, त्या आळीपाळीनं काम करतात. केंद्राची 'पालना' योजनाही आहेच, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, पण त्याला वेगळी सेविका आणि वेगळी मदतनीस. हे "वेगळी" बायनं दोनदा म्हटलं. "माझ्याच डोक्यावर पाचपर्यंत घालणार असाल तर मी आत्ताच नाही म्हणते. दुपारपासून दुसरी बाई द्या, तिला पगार द्या, झोपायला चटया द्या, चारला खायला द्या, मग संध्याकाळपर्यंत ठेवा की."

भाऊचं टुमणं परत तेच, एवढ्या वाड्यांत परवडणार कसं? हा प्रश्न खरा अवघड आहे आणि त्याला एकच उत्तर नाही असं मला वाटतं. होंडा, वाळपई, साखळी इथं पोरं एका जागी मिळतात. पण म्हादईच्या अभयारण्यातले वाडे, धनगरवाडे, तिकडं सांगे-केपेच्या आतली वस्ती, काणकोणचा डोंगर, चार-सहा पोरं एका ठिकाणी, पुढची चार ओहोळापलीकडे, आणि पावसाळ्यात ओहोळ ओलांडायचा कुणी. 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी हा नियम मैदानातल्या गावाला ठीक, डोंगराळ भागाला तीनशेवर आणि त्याहून लहान वस्तीला मिनी अंगणवाडी अशी सूट आहे, पण ओहोळ काही लोकसंख्या बघून वाहत नाही. अशा वाड्यावर इमारतीची वाट बघत बसण्यापेक्षा तिथलीच एक शिकलेली सून निवडावी, तिला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स द्यावा, जो बारावी झालेल्या सेविकांसाठी धोरणातच लिहिलाय, आणि तिच्याच पडवीत चार पोरं जमवावीत. पण कोर्स खरा हवा. 'पोषण भी पढाई भी' या सरकारी कार्यक्रमाखाली तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं, बाय म्हणते चांगलं होतं, गाणी-खेळ नवे मिळाले, पण तीन दिवसांनी परत आल्यावर चुकतंय कुठं ते वर्षभर येऊन दाखवणारं कुणी नाही. मास्तर म्हणाले मी येईन. बाय हसली, म्हणाली तुम्ही गोष्टी सांगायला या, रजिस्टर बघायला येणारे पुष्कळ आहेत.

एक मुद्दा मी मांडला तो असा. पिसुर्ल्याच्या कारखानदारांना यातून मोकळं का सोडायचं? 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं आहे, आईला दिवसातून चार वेळा पोराकडे जाऊ द्यायचं आहे. लहान युनिटवाले म्हणणार आमच्याकडे तीसच आहेत, चाळीसच आहेत. पण त्याच कायद्यात अनेकांनी मिळून सामाईक सोय करायचीही मुभा आहे. इस्टेटीच्या गेटजवळ एकच मोठं पाळणाघर, सगळ्या युनिटांनी वर्गणी द्यायची, कंत्राटी बायांची पोरं आणि बांधकामावर आलेल्या बाहेरच्या मजुरांची पोरंसुद्धा घ्यायची. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था चालवणारे 1969 पासून दिल्लीत बांधकामाच्या जागी हेच करत आलेत, म्हणजे जमत नाही असं कुणी म्हणू नये. भाऊला हे पटलं कारण यात पंचायतीचा पैसा नव्हता. पायलटला पटलं नाही, तो म्हणाला कंत्राटदार उद्या म्हणेल पोरवाल्या बायाच नकोत. हे असं होऊ शकतं, आणि त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर होतं की कायद्यात 50 मोजताना बाया वेगळ्या मोजत नाहीत, सगळे कामगार मोजतात, त्यामुळे बाया काढून कुणाची सुटका होत नाही.

शेवटी ठरलं ते एवढंच. येत्या ग्रामसभेत लेखी मागणी द्यायची, आपल्या अंगणवाडीला पालनाखाली पाळणाघर जोडावं, दुपारसाठी वेगळी माणसं घेऊनच. त्याखाली दुसरी मागणी, सकाळचे पहिले दोन तास सेविकेला ॲप, सर्वे, मीटिंग कशालाच बोलवू नये. मास्तर मजकूर लिहिणार, पायलट आपल्या बायकोसोबतच्या इस्टेटीतल्या बायांच्या सह्या आणणार. सामाईक पाळणाघराचं त्यात घालायचं की वेगळा अर्ज करायचा यावर भाऊ आणि पायलट अजून भांडतायत, बाय म्हणते वेगळाच करा, नाहीतर एकाच्या नादात दुसरं राहील. मलाही तसंच वाटतं. सह्या पाहिजेत, होंडा-पिसुर्ले भागातले कोण वाचत असाल तर संध्याकाळी तिस्कावर या.